दगडातील शिंपला : कुरखेडा परिसरातील शालेय सहलीसाठी अभ्यासपाठ

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत परिसराचा अभ्यास चालतो, त्यात दगड हा विषय बहुधा मागे पडतो. झाडे, पाखरे आणि पिके यांची नावे विद्यार्थी घरूनच शिकून येतात. दगडाला मात्र त्यांच्या लेखी नावही नसते आणि वयही नसते. वस्तुतः कुरखेड्याच्या विद्यार्थ्यांस सती नदीचे पात्र हे उघडे पुस्तकच आहे. पावसाळा सरून पाणी उतरले की काठचे खडक आणि पात्रातील गोटे यांचे निरीक्षण करण्यासाठी अर्ध्या दिवसाची सहल सहज काढता येते.

अशा सहलीत एक प्रसंग हमखास घडतो. एखादा विद्यार्थी वाळूतून शिंपला उचलून आणतो, किंवा शंखासारखे वळण असलेला खडा दाखवतो, आणि विचारतो, ‘‘गुरुजी, येथे पूर्वी समुद्र होता काय?’’ प्रश्न उत्तम आहे. म्हणूनच त्याचे उत्तर घाईने देता कामा नये. ‘होता’ असे सांगून मुलांस खूश केले, तर एक चुकीची समजूत जन्मभरासाठी रुजते. ‘नव्हता’ म्हणून विषय मिटविला, तर पुढच्या वेळी तो विद्यार्थी विचारणारच नाही. या दोहोंहून चांगला मार्ग म्हणजे उत्तर कसे शोधावे हे त्यास दाखविणे. प्रस्तुत पाठाचा हेतू तोच आहे.

१. जीवाश्म म्हणजे काय?

प्राचीन काळच्या प्राण्यांचे किंवा वनस्पतींचे अवशेष, अथवा त्यांचे ठसे, खडकांच्या थरांत टिकून राहिले म्हणजे त्यांस जीवाश्म म्हणतात. प्राणी मरतो, त्याचे मऊ शरीर कुजून जाते. परंतु शिंपला, शंख, हाड, दात यांसारखे कठीण भाग गाळात पुरले जातात. गाळावर गाळ साचतो, दाबाने त्याचा दगड होतो, आणि पाण्यात विरघळलेली खनिजे त्या कठीण भागांत भरत जातात. कधी मूळ शिंपला विरघळून नाहीसा होतो व त्याचा साचाच तेवढा मागे राहतो. ओल्या मातीच्या गोळ्यावर शिंपला दाबून उचलला, म्हणजे हा प्रकार वर्गातही दाखविता येतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, जीवाश्म बहुधा गाळापासून बनलेल्या खडकांतच मिळतात; वालुकाश्म, चुनखडक आणि चिखलापासून झालेला पापुद्र्यांचा दगड हे त्यांचे मुख्य प्रकार होत. वितळलेला रस थंड होऊन जे खडक बनले, त्यांत शिंपला राहणार कसा? दुसरी गोष्ट अशी की, नदीच्या वाळूत सुटा पडलेला, हलका व काठाला ठिसूळ झालेला शिंपला हा जीवाश्म नव्हे. तो आजच्याच नदीतील शिंपीचा आहे. वाळूतून असे शिंपले मुद्दाम वेचून आणून ही ओळख प्रथम करून द्यावी.

२. समुद्राचा शिंपला कसा ओळखावा?

शिंपला म्हटला की समुद्र, असे समीकरण पुष्कळांच्या मनात असते. ते बरोबर नाही. शंख-शिंपल्यांचे प्राणी समुद्रात आहेत, तसे ते तळ्यांत, नद्यांत आणि भातखाचरांतही आहेत. पावसाळ्यात बांधावर दिसणारी गोगलगाय तर जमिनीवर राहते. तेव्हा नुसत्या शंखावरून समुद्र सिद्ध होत नाही.

परंतु काही प्राणी असे आहेत की ज्यांचे जीवाश्म मिळाले असता समुद्राविषयी शंका उरत नाही. बेटे रचणारी पोवळी, काटेरी गोळ्यासारखा समुद्र-अर्चिन, तारामासा व त्याचे आप्त, दोन शिंपांचा परंतु साध्या शिंपल्याहून निराळ्या घडणीचा ब्रॅकिओपॉड, आणि चक्राकार कवचाचा अमोनाइट हे ते प्राणी होत. यांपैकी अमोनाइट महाराष्ट्रातील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. मात्र तेथे त्याचे नाव निराळे असते. देवघरातील काळा शाळिग्राम, ज्याच्या पोटात चक्र दिसते, तो नेपाळातील काली गंडकी नदीच्या पात्रातून आलेला असतो, आणि ते चक्र म्हणजे अमोनाइटच्या कवचाचा ठसा होय. आज जेथे हिमालयाची शिखरे आहेत, तेथे एके काळी समुद्राचा तळ होता, याची ही साक्ष आहे. अमोनाइट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीसे झाले. हे सांगताना घरच्या श्रद्धेस धक्का लावण्याचे कारण नाही. पूजेची वस्तू अभ्यासाची वस्तूही असू शकते, इतकेच विद्यार्थ्यांस कळावे.

३. कुरखेड्याचा खडक काय सांगतो?

आता सतीच्या काठचा खडक पाहावा. कुरखेडा परिसरातील खडक मुख्यतः ग्रॅनाइट आणि पट्टेदार नाइस या जातीचे आहेत. ताज्या फुटलेल्या कडेवर भिंग धरले असता चकाकणारे अभ्रक, काचेसारखी गारगोटी आणि गुलाबी किंवा पांढुरके फेल्डस्पार असे निरनिराळे कण एकमेकांत गुंतलेले दिसतात. हे कण पाण्याने आणून टाकलेले नाहीत. भूपृष्ठाखाली खोलवर, फार मोठ्या उष्णतेत व दाबात ते स्फटिकरूपाने बनले आहेत.

या खडकांचे वय दोनशे कोटी वर्षांहूनही अधिक आहे. कठीण कवचाचे प्राणी पृथ्वीवर विपुल दिसू लागले ते सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी. वर्गातील फळ्यावर एक लांब रेघ काढून तिचे वीस भाग करावेत आणि प्रत्येक भाग दहा कोटी वर्षांचा मानावा. उजवे टोक म्हणजे आजचा दिवस. शिंपल्यांचा काळ उजवीकडील साडेपाच भागांतच संपतो. कुरखेड्याचा खडक मात्र डाव्या टोकाच्याही पलीकडचा ठरतो. म्हणजे हा खडक तयार झाला, त्या वेळी शिंपला धारण करणारा प्राणी जन्मासच आला नव्हता. सतीच्या काठच्या कातळात शिंपला न सापडणे ही निराशेची गोष्ट नाही. ते एक पक्के उत्तर आहे, आणि विद्यार्थ्यांनी ते स्वतः मिळविलेले आहे.

येथे काही फसव्या आकारांविषयी सावध करणे जरूर आहे. दगडाच्या भेगेत मँगनीजच्या काळ्या डागांची नक्षी उमटते व ती हुबेहूब नेच्याच्या पानासारखी दिसते. ती वनस्पती नव्हे. ऊन-पावसाने ग्रॅनाइटचे कांद्यासारखे पापुद्रे निघून गोल धोंडे बनतात. ती अंडी नव्हेत. नदीकाठच्या मातीत चुन्याचे खडे असतात, त्यांत कधी गोगलगाईचे कवच चिकटलेले आढळते. तेही फार जुने नसते.

आणि सतीच्या पात्रात कोणाला खरोखरच शिंपल्याचा दगड मिळाला तर? तर पहिला प्रश्न असा विचारावा : हा येथे आला कोठून? नदी दगड वरून खाली आणते, खालून वर नेत नाही. म्हणून उगमाकडील डोंगरांत तसा खडक आहे काय, हे पाहावे लागेल. तो नसेल, तर रस्त्याची खडी, फरशी किंवा बांधकामाचा दगड यांतून माणसानेच तो आणलेला असण्याचा संभव अधिक.

४. नदीच्या वाटेने समुद्राकडे

वाहत्या पाण्याची दिशा धरून नकाशावर बोट फिरविले, तर हाच पाठ पुढे चालतो. सतीचे पाणी इतर नद्यांच्या संगतीने वैनगंगेस मिळते. वैनगंगा व वर्धा यांच्या संगमापासून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते, आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून समुद्रास जाते.

या वाटेवर सिरोंचा तालुका लागतो. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला, त्याचा हा दक्षिणेकडील भाग. तेथील प्राणहितेच्या काठच्या कोटा या गावावरून ‘कोटा’ हे नाव मिळालेल्या खडकांत चुनखडकाचे थर आहेत. त्यांत जाड, चकचकीत खवल्यांच्या माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ज्ञात आहेत. याच खडकांतून पोचमपल्ली गावाजवळ कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांनी १९६० च्या सुमारास एका प्रचंड डायनोसॉरची सुमारे तीनशे हाडे उकरून काढली. ती किमान सहा प्राण्यांची होती. १९७५ साली त्याचे ‘बारापासॉरस टागोराय’ असे नामकरण झाले. बंगालीत ‘बडा पा’ म्हणजे मोठा पाय. आणि रवींद्रनाथ ठाकूर यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष १९६१ हे उत्खननाच्या सुमाराचे, म्हणून नावाचा दुसरा भाग. मासे मिळाले तरी हा समुद्र नव्हता. ती नद्यांची व तळ्यांची भूमी होती.

नागपूरचे पाणीही कन्हान नदीच्या वाटे वैनगंगेसच येते. त्या शहराजवळ टाकळी येथे १८५१ च्या सुमारास स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या दोघा मिशनऱ्यांना काळ्या लाव्हाखडकाच्या दोन थरांमध्ये दडलेला गाळाचा एक थर आढळला. त्यात शंखांचे पुष्कळ जीवाश्म होते. त्यांपैकी फायसा नावाचा शंख ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बहुतेक शंखांचे टोक वर धरले असता तोंड उजवीकडे येते. फायसाचे तोंड डावीकडे येते. तो गोड्या पाण्यात राहणारा प्राणी. म्हणजे लाव्हाच्या एका पुरानंतर दुसरा पूर येईपर्यंत नागपूरच्या परिसरात तळी होती.

पुढे हिस्लॉप यांनी गोदावरीच्या मुखाकडील राजमहेंद्री येथील शंख-शिंपलेही अभ्यासिले. तेथेही तसाच लाव्हाखडक, आणि त्याच्या थरांमध्ये तसाच गाळाचा थर. परंतु आतील शिंपले निराळे. ते नदीमुखाशी, जेथे गोडे व खारे पाणी मिसळते तेथे राहणाऱ्या प्राण्यांचे होते. राजमहेंद्रीजवळच दुदुकुरू येथे लाव्हाच्या खालच्या थरात टरिटेला नावाचे, पिळाच्या खिळ्यासारखे लांब निमुळते सागरी शंख आहेत. हिस्लॉप यांनी १८६० साली हे दोन्ही संग्रह एकत्र मांडून लेख प्रसिद्ध केला. एकसारख्या खडकात एका ठिकाणी तळे आणि दुसऱ्या ठिकाणी समुद्राचा काठ, हा निवाडा शिंपल्यांनी दिला.

या थरांच्या वयाविषयीचे हिस्लॉप यांचे अनुमान पुढे दुरुस्त करावे लागले. कोणता शिंपला कोणत्या ठिकाणच्या कोणत्या थरातला, ही त्यांची नोंद मात्र टिकली, आणि नंतरचे संशोधक त्याच थरांकडे पुन्हा जाऊ शकले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात राजमहेंद्रीच्या खाणींतील याच थरांतून सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी समुद्री जीवांची कवचे ओळखण्यात आली. अमोनाइट व डायनोसॉर ज्या महाविनाशात नाहीसे झाले, त्याच्या लगेच नंतरच्या काळातील ती आहेत. नोंद नीट असेल तर चूक सुधारते; नोंदच नसेल तर सुधारण्यास जागा राहत नाही.

५. गोंडवनाचे नाव आणि मनेंद्रगडचा शिंपला

चंद्रपूरचा दगडी कोळसा ज्या खडकांत आहे, त्यांस भूविज्ञानात ‘गोंडवन’ खडक म्हणतात. गोंड लोकांच्या प्रदेशावरून हे नाव १८७२ साली मेडलिकट या भूवैज्ञानिकाने योजिले. पुढे ऑस्ट्रियाचे एडुआर्ड स्यूस यांनी भारत, आफ्रिका इत्यादी भूभाग पूर्वी एकत्र होते असे प्रतिपादन करून त्या प्राचीन भूमीस ‘गोंडवनभूमी’ असे म्हटले. ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिका यांचाही आज तीत समावेश करतात. कुरखेड्याच्या शाळेतील कित्येक मुले ज्या समाजात जन्मली, त्याचे नाव अशा रीतीने जगातील भूगोलाच्या पुस्तकांत गेले आहे. ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी.

गोंडवन खडक बहुतांशी नद्या, तळी व हिमनद्या यांच्या गाळाचे आहेत. त्यांत समुद्राची खूण क्वचितच मिळते. १९२० च्या दशकाच्या आरंभी मध्य भारतातील उमरिया येथील कोळशाच्या क्षेत्राजवळ ब्रॅकिओपॉडांनी भरलेला एक पातळ थर आढळला. त्यानंतर १९५४ साली एस. के. घोष यांनी आजच्या छत्तीसगडातील मनेंद्रगड येथे, हसदेव नदीच्या काठी, दुसरे स्थळ नोंदविले. तेथे युरिडेस्मा नावाचा जाड शिंपला, अविक्युलोपेक्टेन हा पंख्यासारख्या रेघांचा शिंपला आणि तारामाशाच्या आप्तांपैकी क्रिनॉइड यांचे जीवाश्म आहेत. हे थर सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीचे. त्या वेळी हिमयुग ओसरत होते, आणि वितळणाऱ्या बर्फाच्या काळात थंड समुद्राचा एक फाटा आत शिरला होता.

युरिडेस्माचे महत्त्व एवढ्यावर थांबत नाही. हाच शिंपला ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील त्याच काळच्या खडकांतही मिळतो. आज हजारो मैल खाऱ्या पाण्याने तुटलेल्या या भूभागांस एकच थंड समुद्र स्पर्श करीत होता, याच्या पुराव्यांपैकी तो एक आहे. परंतु समजा, कोणी मनेंद्रगडचा एक शिंपला खिशात घालून आणला आणि चिठ्ठीशिवाय कपाटात ठेवला, तर वीस वर्षांनी त्या दगडास काय सांगता येईल? हसदेवचा काठ, खालचा हिमनदीचा गाळ, शेजारचे प्राणी या सर्वांपासून तो तुटलेला असेल. दगड तोच राहील. साक्ष मात्र नाहीशी होईल. म्हणूनच मनेंद्रगडचे स्थळ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून राखलेले आहे, आणि आपल्या जिल्ह्यात वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे.

६. सहलीची रीत

सहल मार्गशीर्ष ते फाल्गुन या काळात काढावी. पावसाळ्यात नाले अचानक फुगतात. वर ज्यांचा उल्लेख आला, ते हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाहून परतत असता पुराच्या नाल्यातच बुडाले, हे कोणत्याही शिक्षकाने विसरू नये.

पाच-पाच विद्यार्थ्यांचे गट करावेत. प्रत्येक गटास वही, पेन्सिल, मोजपट्टी, शक्य तर एक भिंग आणि जुन्या वर्तमानपत्राचे कागद द्यावेत. हातोडी शिक्षकांपाशीच असावी. दगड फोडताना किरचा उडतात, म्हणून मुलांस दूर उभे करावे. गटात कामे वाटून द्यावीत : एकाने शोधावे, दुसऱ्याने मोजावे, तिसऱ्याने चित्र काढावे, चौथ्याने लिहावे आणि पाचव्याने तपासावे.

मुख्य नियम एकच : आधी लिहावे, मग उचलावे. चिठ्ठीवर पुढील गोष्टी असाव्यात : अनुक्रमांक, तारीख, गाव व नदी-नाल्याचे नाव, ओळखीच्या खुणेपासूनचे अंतर पावलांनी, दगड सुटा होता की कातळात जडलेला, त्याच्या वर व खाली काय होते, आणि शोधणाऱ्याचे नाव. यांतील ‘सुटा की जडलेला’ हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. जडलेला दगड आपल्या जागेविषयी बोलतो. सुटा दगड बहुधा दुसऱ्या जागेविषयी.

चुनखडक ओळखण्यास दगडाची थोडी भुकटी करून तीवर लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे. ग्रॅनाइटवर असे होणार नाही. हा प्रयोग मुलांस फार आवडतो.

वनखात्याच्या हद्दीत जाण्यापूर्वी परवानगी अवश्य घ्यावी. भारतीय वन अधिनियम १९२७ अन्वये जंगलातील दगड, माती व खनिजे हीही वनोपजात मोडतात. वडधमसारख्या राखीव स्थळी तर काहीही उचलू नये. तेथे चित्र काढणे व टिपण करणे हाच संग्रह. शाळेच्या कपाटासाठी नदीतले चार सुटे गोटे, चिठ्ठ्यांसह, पुरेसे आहेत.

७. वर्गातील काम

सहलीनंतर पुढील प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्यावीत.

१. नदीच्या वाळूतील शिंपला आणि दगडातील शिंपला यांत कोणता फरक दिसला?
२. टाकळीच्या थरात शंख असूनही तेथे समुद्र नव्हता असे का म्हणतात?
३. सतीच्या काठच्या कातळात शिंपला का सापडत नाही?
४. सती नदीपासून राजमहेंद्रीपर्यंत पाण्याची वाट नकाशात दाखवा आणि वाटेतील कोटा हे स्थळ नोंदवा.
५. आपल्या गटाला मिळालेला एक दगड चिठ्ठीशिवाय दुसऱ्या गटास द्या. त्यांना त्याविषयी काय काय सांगता आले नाही, ते लिहा.

शेवटचा प्रश्न सोडविताना बहुधा वर्गात हशा होतो, आणि मग थोडी शांतता. मुलांच्या ध्यानात येते की, दगड हातात असून त्याची हकीकत हातातून गेली आहे. ही जाणीव ज्या विद्यार्थ्यास झाली, तो पुढे दगड गोळा करो अथवा न करो, कोणत्याही गोष्टीविषयी ‘हे कोठून आले, कोणी पाहिले, कोठे लिहिले आहे’ असे विचारल्यावाचून राहणार नाही. ‘येथे समुद्र होता काय?’ या प्रश्नास कुरखेड्याच्या कातळाने दिलेले उत्तर ‘शिंपल्यांची साक्ष येथे नाही’ एवढेच असले, तरी ते त्याने स्वतः वाचलेले असेल.